मोरी तुंबली, भिंत ओली झाली: गोव्यात घर भाड्याने देणाऱ्यांसाठी तपासाचा आणि दुरुस्तीचा क्रम

भाड्याच्या फ्लॅटमध्ये मोरी तुंबली की पहिला घाव टाइलवर पडतो. प्लंबर येतो, कमोड उपटतो, दोन-चार फरशा फोडतो, पाइपात तार घालतो आणि पैसे घेऊन जातो. आठवड्याने भाडेकरूचा पुन्हा फोन. मग सेप्टिक टँकवर टँकर बोलावला जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसात परत तेच. यात प्लंबरची लबाडी क्वचितच असते. तपास उलट्या टोकाने सुरू होतो, ही खरी अडचण. स्वच्छ पाण्याची तक्रार असेल तर मीटरपासून घराकडे या, घाण पाण्याची असेल तर शेवटच्या चेंबरपासून (सांडपाण्याच्या पाइपावरची झाकणाची कुंडी) घराकडे या. फोडाफोड अगदी शेवटी.

म्हापसा, पर्वरी, फोंडा, मडगावकडे वर्षभर राहणारा भाडेकरू आणि कांदोळी, मोरजी, बाणावलीकडे येणारा पर्यटक यांच्या घरांची दुखणी वेगळी असतात. पहिल्याच्या पाइपात तेल आणि माशांचे खवले, दुसऱ्याच्या पाइपात वाळू. तपासाचा क्रम मात्र एकच.

टप्पा १: हात लावण्याआधी

हे काम एप्रिल-मेमध्ये करा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एकदा जमीन पोटभर पाणी प्याली की शोषखड्डा, म्हणजे सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पाणी घेत नाही, आणि त्या दिवसांत बिघाड नेमका कुठे आहे हेही कळत नाही, कारण सगळीकडेच पाणी असतं. चवथीच्या आठवड्यावर तर काहीच ढकलू नका. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि प्लंबर आपल्या घरच्या गणपतीत.

आधी कागदावर घराचा नकाशा काढा. बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून ड्रेनेजचा आराखडा मिळाला तर उत्तमच; नाही तर आवारात चालत स्वतः काढा. त्यात मीटर, खालची टाकी, वरची टाकी, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक चेंबर, सेप्टिक टँक, शोषखड्डा, व्हेंट पाइप (टँकमधला वायू वर सोडणारा) आणि गच्चीवरून उतरणारे पावसाचे पाइप दाखवा. विहीर असेल तर तीही. भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. जुन्या घरभाटांत (घर आणि भोवतालची जागा) हे अंतर मोजलं की पुष्कळदा धक्का बसतो.

इमारत सरकारी मलनिस्सारण वाहिनीला जोडलेली आहे का, हेही आताच पाहून घ्या. पणजी, मडगाव आणि वास्कोच्या काही भागांत अशी वाहिनी आहे. उरलेला बहुतेक गोवा सेप्टिक टँकवर चालतो. वाहिनी दारावरून गेली म्हणजे तुमची इमारत तिला जोडलेली असतेच असं नाही. जोडणीचा कागद मागा.

भाडेकरूकडून फोनवर एवढं काढून घ्या: पाणी एकाच ठिकाणी तुंबतं की सगळीकडे? वापरल्यावर की पाऊस पडल्यावर? फ्लश केल्यावर दुसऱ्या जाळीतून गुडगुड आवाज येतो का? आणि व्हिडिओ मागवा. «पाणी येतंय» या दोन शब्दांवर माणूस पाठवू नका.

सोबत घ्या: टॉर्च, रबरी हातमोजे, झाकण उचलायला पहार, लांब काठी, पांढरं फडकं, खडू आणि खाण्याचा रंग.

टप्पा २: स्वच्छ पाणी, मीटरपासून आत

नळाला पाणी चालू असतानाच ही चाचणी करा. पुरवठा बंद असताना मीटर थांबलेलाच असतो, आणि तो बघून गळती नाही असं समजणारे खूप.

१. टाकीत जाणारा व्हॉल्व्ह आणि थेट लाइनवरचे सगळे नळ बंद करा. तरीही मीटर फिरतोय? मग गळती मीटर ते टाकी या पट्ट्यात, बहुधा आवारातल्या जमिनीखाली आहे.

२. मीटर थांबला तर रात्री वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खडूने खूण करा. टाकीत येणारं पाणी बंद ठेवा आणि घरातला एकही नळ उघडू नका. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर पुढच्या रात्री टाकीचा खालचा मुख्य व्हॉल्व्हही बंद करून तेच करा. आता पातळी टिकली तर गळती घराच्या लाइनमध्ये. तरीही उतरली तर टाकीला तडा आहे किंवा तो व्हॉल्व्हच नीट बंद होत नाही.

३. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास कमोड वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. ही गळती आवाज करत नाही, पण रोज टाकी रिकामी करते.

तपासा: मुख्य व्हॉल्व्ह हाताने फिरतो का? वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह जाम होतो आणि पाइप फुटल्यावर नेमका तोच फिरत नाही. जाम असेल तर तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या.

किनाऱ्याजवळ एक गोष्ट जास्तीची. खाऱ्या हवेत स्वस्त अँगल कॉक (बेसिनखालचा छोटा नळ) आणि कनेक्शन पाइपांचे नट लवकर गंजतात. बेसिनखाली हात घालून नटावरून बोट फिरवा. हिरवट पांढरी भुकटी बोटाला लागली तर तो पाइप बदला, आज गळत नसला तरी. बंद फ्लॅटमध्ये फुटलेला एक कनेक्शन पाइप खालच्या घराचं छत खराब करू शकतो.

सावधान: पुरवठ्याच्या लाइनला थेट पंप लावू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय पाणी खेचताना लाइनमधला दाब उतरतो आणि पाइपाला कुठे भेग असली तर शेजारच्या चेंबरची घाण आत ओढली जाते. नळाला अधूनमधून गढूळ, वासाचं पाणी येत असेल तर आधी पाण्याचा पाइप कोणत्या चेंबरला खेटून गेलाय ते शोधा.

टप्पा ३: चेंबर उघडा, शेवटापासून

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. घराकडून टँककडे जाणाऱ्या रांगेतली झाकणं टँकच्या बाजूने एकेक उघडत या. उघडल्यावर लगेच वाकून पाहू नका, वायू निघून जाऊ द्या. सिगारेट-काडी लांब.

मग जे दिसेल त्यावरून ठरवा:

सगळे चेंबर भरलेले असतील तर पाइपात तार घालण्यात अर्थ नाही. अडचण टँकमध्ये, शोषखड्ड्यात किंवा सरकारी वाहिनीत आहे. चौथ्या टप्प्यावर जा.

घराजवळचा चेंबर भरलेला आणि पुढचा कोरडा असेल तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात आहे. तार खालच्या, म्हणजे कोरड्या चेंबरमधून वर घाला. वरून घातली तर तो गोळा फक्त पुढे सरकतो.

सगळे चेंबर कोरडे आणि तरी कमोड भरतोय, तर अडथळा घराच्या आत आहे. तेव्हाच आत जा.

कमोड ठीक आहे, पण स्वयंपाकघर आणि न्हाणी दोन्हीकडचं पाणी तुंबतंय? बाहेरचा गली ट्रॅप बघा. सिंक आणि न्हाणीचं पाणी बहुतेक घरांत आधी तिथे येतं, कमोडचं थेट चेंबरमध्ये जातं. तेलाचा पांढरट थर हाताने काढला की काम संपतं. यासाठी फरशी फोडलेली घरं मी पाहिली आहेत.

चेंबरमध्ये केसांच्या जटेसारखी तपकिरी मुळं दिसली तर जवळचा माड किंवा पिंपळ सांध्यातून आत आलाय. मुळं कापणं ही तात्पुरती सोय झाली. तो सांधा उघडून पाइपाचा तुकडा बदलावा लागतो.

तपासा: कोरड्या दिवशी एका माणसाला गच्चीवर पाठवा आणि पावसाच्या प्रत्येक पाइपात बादलीभर पाणी ओतायला सांगा. ते पाणी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये आलं तर जूनमधल्या तुंबण्याचं कारण मिळालं. पावसाचं पाणी वेगळ्या गटारातच जायला हवं. सेप्टिक टँक असो की सरकारी वाहिनी, दोन्हीकडे हा नियम आहे. ही चूक इमारत बांधतानाच झालेली असते आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने देत असाल तर आणखी एक. वरच्या मजल्यांचा उभा पाइप आणि तळमजल्याची लाइन एकाच आडव्या पाइपात असेल तर पुढे अडथळा आल्यावर वरच्यांची घाण तुमच्या न्हाणीतून वर येते. तळमजल्याची लाइन वेगळी चेंबरपर्यंत नेणं हाच पक्का उपाय. ते जमत नसेल तर पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि तो साफ करण्यासाठी हात जाईल अशा जागी. पणजीच्या मळा वस्तीसारख्या सखल भागात भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला जायला जागाच नसते. तिथे गली ट्रॅपचा काठ आवारातल्या पाणी साचण्याच्या पातळीच्या वर उचलून घ्या.

टप्पा ४: सेप्टिक टँक आणि शोषखड्डा

पहिला गैरसमज: «टँक फुल्ल झालाय.» सेप्टिक टँक नेहमीच भरलेला असतो. जेवढं पाणी आत येतं तेवढं दुसऱ्या बाजूने बाहेर जातं, तशीच त्याची रचना आहे. बघायचं ते एवढंच, की पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीला आहे की त्याच्या वर चढलंय.

१. पाणी पाइपाच्या पातळीला असेल तर लांब काठीला खालून पांढरं फडकं गुंडाळा, तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि सावकाश वर काढा. काळा डाग जितका उंच, तितका तळाला गाळ. गाळ आणि वरचा तवंग मिळून खोलीच्या एक तृतीयांशाला पोचले की उपसा करायचा. राहत्या घरात हे साधारण दोन-तीन वर्षांनी येतं; पर्यटकांना दिलेल्या भरलेल्या घरात आधी.

२. पाणी पाइपाच्या वर असेल तर आधी बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड साफ करून बघा. पुष्कळदा तवंग तिथेच अडकलेला असतो.

३. तोंड मोकळं आहे, उपसाही झाला, आणि काही दिवसांत पाणी पुन्हा वर आलं, तर शोषखड्डा मेलाय. त्यावर दर महिन्याला टँकर बोलावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. खड्ड्याच्या भिंतीवर साचलेला काळा चिकट थर काढून भराव बदलावा लागतो, नाही तर दुसऱ्या जागी नवा खड्डा. जांभ्याच्या जमिनीत पाणी चांगलं मुरतं, पण खाली कातळ लागला तर नाही. किनाऱ्याच्या वाळूत मुरतं, पण पावसात भूजल वर येतं. नवा खड्डा खणण्याआधी जवळच्या विहिरीत जुलै-ऑगस्टमध्ये पाणी किती वर येतं ते शेजाऱ्याला विचारा. खड्ड्याचा तळ त्याच्या वर हवा.

सावधान: टँकमध्ये माणूस उतरवू नका. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात. माणूस ओरडायच्या आधी कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही कोसळतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून सेप्टिक टँक साफ करून घेणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. «मी कंत्राटदाराला सांगितलं होतं» हे चालत नाही, कारण कायद्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष असे दोन्ही शब्द आहेत. काम सक्शन टँकरनेच, वरून.

टँकरवाल्याला घाण कुठे रिकामी करतो ते विचारा आणि प्रक्रिया प्रकल्पाची पावती मागा. पावती नसेल तर ती घाण कुणाच्या तरी शेतात किंवा ओहोळात जाणार आहे.

उपसा संपल्यावर टँक लगेच बाहेरच्या पाइपाच्या पातळीपर्यंत साध्या पाण्याने भरा. पाऊस जवळ आला असेल तर हे विसरूच नका. प्लास्टिक किंवा फायबरचा रिकामा टँक भूजल वाढल्यावर जमिनीतून वर उचलला जातो आणि सगळे सांधे तोडतो. जिवाणूंची पावडर विकत घेण्याची गरज नाही. तळाला थोडा गाळ राहू दिला की पुरतं.

शेवटी व्हेंट पाइपाच्या तोंडाची जाळी. ती फाटली की टँकमध्ये डास, पक्ष्याच्या घरट्याने बुजली की फ्लश केल्यावर दुसऱ्या जाळीतून गुडगुड.

टप्पा ५: आता घरात या

वास आणि झुरळं ही बंद फ्लॅटची सर्वांत जुनी तक्रार. न्हाणीतल्या जाळीखालच्या वाटीत, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, साधारण पाच सेंटिमीटर पाणी उभं असतं आणि तेच वास अडवतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात, घर बंद असताना ते आटतं. लोक यावर फिनाइल आणि अगरबत्ती लावतात. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि जाळ्यांत वरून चमचाभर खाण्याचं तेल सोडा, म्हणजे पाणी सावकाश आटेल. पाणी ओतूनही वास आला तरच पुढचा तपास.

किनाऱ्यावरच्या घरात न्हाणीची जाळी काढून ट्रॅपच्या वाटीत दोन बोटं घाला. ओली वाळू मुठीत येते, तिच्यात केस आणि साबण गुंतलेले. तार घालून ही वाळू पुढे ढकलली तर ती आडव्या पाइपात बसते आणि तिथून निघत नाही. वाटी बाहेर काढूनच रिकामी करा. आणि अंगणात पाय धुवायचा नळ बसवा. त्याच्या खर्चाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

स्वयंपाकघरात खोबऱ्याचा चोथा, खवले आणि तळणीचं तेल. सिंकखालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरून सुटतो, खाली बादली ठेवा नि धुवा. बारीक छिद्रांची स्टीलची जाळी सिंकमध्ये ठेवा. मासे साफ करायचे तर खवले कागदात.

सावधान: ड्रेन साफ करायची पावडर, ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकापाठोपाठ टाकू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरतो. प्लंबर येण्याआधी काय टाकलंय ते भाडेकरूने त्याला सांगायलाच हवं.

टप्पा ६: ओली भिंत

भिंत ओली दिसली की वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायची घाई होते. आधी कडेला पेन्सिलीने रेघ ओढा, तारीख लिहा, आणि डाग कधी वाढतो ते बघा.

पावसातच वाढतो: गच्ची, छज्जा, खिडकीची चौकट किंवा बाहेरची भिंत. नळांना हात लावू नका.

वापर झाल्यावर वाढतो, घर बंद असताना सुकतो: सांडपाण्याचा पाइप किंवा न्हाणीची जमीन. नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा, दोन सेंटिमीटर पाणी उभं करा, चोवीस तास थांबा. आधी खालच्या मजल्याला सांगून ठेवा. खाली ओल आली तर जमीन गेली. आली नाही तर तोंड उघडून रंगीत पाणी सोडा, आता आली तर पाइप गेला.

घर बंद असतानाही वाढत राहतो: दाबाखालचा पाइप. दुसऱ्या टप्प्यातली खडूची चाचणी पुन्हा करा.

या तिघांपैकी कोणतं ते ठरल्याशिवाय टाइल फोडू देऊ नका. टाइलच्या फटीत नुसतं ग्राउट भरणं वर्षभर चालतं, पाइप गळत असेल तर तेवढंही नाही.

टप्पा ७: दुरुस्ती झाकण्याआधी

गरम पाण्याला सीपीव्हीसीच, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप. गीझरच्या लाइनवर पांढरा यूपीव्हीसी पाइप दिसला तर काढायला लावा. दोन्हींचं सॉल्व्हंट सिमेंट (सांधे चिकटवायचा डिंक) वेगळं असतं, डबा वाचा. सांडपाण्याच्या आडव्या पाइपाला मीटरमागे दीड ते अडीच सेंटिमीटर उतार, लेव्हल लावून.

पाण्याची लाइन भिंतीत बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन बघा, नेहमीच्या दाबाच्या दीडपट, गीझर वेगळा करून. पंपावरचा दाबाचा काटा खाली आला तर प्लास्टर नाही. मग मोजपट्टी लावून उघड्या पाइपांचे फोटो काढा. पुढच्या वेळी भिंत कुठे फोडायची ते या फोटोंवरूनच कळेल.

पैसे चाचणी झाल्यावर द्या.

टप्पा ८: भाडेकरू आणि किल्ली

घर ताब्यात देताना प्रत्येक नळ, फ्लश, जाळी सोडून दाखवणारा व्हिडिओ दोघांनी मिळून काढा. करारात तीन ओळी पुरतात: पाइप, टँक आणि शोषखड्डा मालकाचे, वापरामुळे तुंबलेलं भाडेकरूचं, गळती दिसली की त्याच दिवशी लेखी कळवायचं. भाडेपट्टा असेल आणि मालकाने करायची दुरुस्ती नोटीस देऊनही केली नाही, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. लीव्ह अँड लायसन्सवर दिलं असेल तर कलमाच्या भरवशावर कुणीच राहू नका, करारातच लिहा.

पर्यटकांच्या घरात प्रत्येक संडासात झाकणाचा डबा ठेवा. ओले वाइप्स आणि पॅड कमोडमध्ये टाकू नका, हे कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत दरवाज्याच्या आतल्या बाजूला लावा. डबा नसताना नुसती पाटी लावून काही होत नाही.

घर महिनाभर बंद राहणार असेल तर: मुख्य व्हॉल्व्ह बंद, गीझर बंद, फ्लशच्या टाक्या रिकाम्या, जाळ्यांत पाणी आणि तेल, वरच्या टाकीचं झाकण घट्ट. डास शोधत आरोग्य खात्याची माणसं टाकीपर्यंत येतात. ज्याच्याकडे किल्ली ठेवता त्याला व्हॉल्व्ह कुठे आहे हे फोनवर सांगू नका. तिथे नेऊन त्याच्या हाताने एकदा बंद-चालू करून घ्या.